फज्रनंतर बसावं की ईशानंतर?

माझा मामेभाऊ यंदा खेडहून बडोद्याला बी.एस्सी.ला येतोय. परवा फोनवर म्हणाला, "भाई, अभ्यास पहाटे करू की रात्री?" म्हणजे फज्रच्या, पहाटेच्या नमाजनंतर बसू, की ईशाच्या, रात्रीच्या नमाजनंतर? नमाज सुटता कामा नये आणि लेक्चरही. मग सलग अडीच-तीन तास मिळणार कुठे, हा त्याचा खरा सवाल. इथे केमिस्ट्रीत तीन वर्षं काढताना मी दोन्ही करून पाहिलंय, आणि दोन्हींत मार खाल्लाय.

पहाटेवाले बरकतीचा दाखला देतात. उम्मतच्या, म्हणजे मुस्लिम समाजाच्या, सकाळच्या वेळेत बरकत असो, ही पैगंबरांची दुआ त्यांच्या तोंडी असते. रात्रवाले म्हणतात, फोन शांत, घर शांत, डोकं तेव्हाच चालतं. ईशानंतर गप्पा मारत बसणं पैगंबरांना आवडत नसे, असं हदीसमध्ये येतं. पण इल्मसाठी, ज्ञानासाठी जागणं उलेमांनी त्यातून वेगळं काढलंय. रील्स वेगळ्या काढलेल्या नाहीत.

मला विचाराल तर हा वाद चुकीच्या टोकाला धरलेला आहे. आधी सूर्याकडे बघावं. मशिदीच्या भिंतीवर जमातीच्या, म्हणजे एकत्र नमाजच्या, वेळांची प्लास्टिकची घड्याळं असतात, पाच नमाजांची पाच आणि शुक्रवारच्या जुम्म्याचं सहावं. अजान देणारा मुअज्जिन त्यांचे काटे दर काही दिवसांनी हाताने सरकवतो. आपण मात्र टाइमटेबल जूनमध्ये लिहितो आणि मार्चपर्यंत तेच भिंतीला.

बडोद्यात जूनमध्ये सूर्य ६ च्या जरा आधी उगवतो आणि ७.३० च्या सुमारास मावळतो. म्हणजे फज्रची वेळ ४.३० च्या आसपास लागते, ईशाची ८.४५ च्या पुढे. जमात, जेवण, थोडं बोलणं यात १० वाजतात. तिथून १ पर्यंत वाचलं, तर फज्रआधी झोप जेमतेम साडेतीन-चार तास. फज्र पढून पुन्हा ८ पर्यंत झोपायचं, हा त्यावर सगळ्यांचा तोडगा. मीही तेच करायचो. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये असाच टायट्रेशनला उभा होतो. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग फिका गुलाबी दिसला की ब्युरेटची तोटी बंद करायची, एका थेंबाचा खेळ. माझी पापणी मिटली, आणि उघडली तेव्हा फ्लास्कमध्ये रूहअफजा! तुकड्या-तुकड्यांची झोप वहीत सात तास भरते, अंगात भरत नाही.

त्याच दिवसांत पहाट धरली तर ५.३० ते ८ असे अडीच तास हातात येतात, तेही उकाडा सुरू व्हायच्या आत. इथलं मे महिन्याचं ऊन ४२ अंशांना सहज टेकतं, तेव्हा ही सवलत लहान नाही. अट एकच, रात्री १०.३० ला आडवं व्हायचं. ते जमत नसेल तर पहाटेचं नाव काढू नये. दुपारी अर्ध्या तासाची कैलुला, म्हणजे डुलकी, मिळाली तर सोनंच, आणि ती सुन्नतही आहे, पैगंबरांची रीत.

थंडीत पारडं उलटतं. डिसेंबरअखेर सूर्य उगवतो ७.१५ च्या सुमारास, मावळतो ६ ला. फज्रची वेळच ६ च्या आसपास लागते. जमात करून घरी येईपर्यंत ७ वाजतात, चहा होतो, की निघालाच कॉलेजला. तासभर मिळाला तरी नशीब. उलट ईशाची वेळ ७.३० च्या आत लागते. जेवण मगरिब (सूर्यास्ताची नमाज) आणि ईशाच्या मध्ये उरकलं, तर ८.१५ ते ११.१५ असे सलग तीन तास, वर साडेसहा तास झोप. इथे रात्र सरळ जिंकते. शिवाय दांडिया बाजारातले माझे मराठी मित्र रात्रीचेच पक्षी, त्यामुळे सोबत मिळायची. एकमेकांना प्रश्न विचारायचे, मग कोणीतरी शेव-उसळीचा विषय काढायचा आणि तिथेच दुकान बंद.

कोकणातून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपण शाफई, आणि मी जायचो ती मशीद हनफी, नमाजच्या नियमांच्या या दोन वेगळ्या परंपरा. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळ आपल्याकडे आधी लागते, थंडीत साधारण पाऊण तास, उन्हाळ्यात तासाहून जास्त. डिसेंबरात ३.४० ला लॅब सुटली तर आपली असर तिथेच पढून होते, आणि हंसा मेहता लायब्ररीत मगरिबपर्यंत दोन तास न उठता बसता येतं. मशिदीतली उशिराची जमात हवी असेल तर हे दोन तास मधोमध तुटतात. मी आठवड्यात दोन-तीन दिवस जमात सोडून लायब्ररी धरायचो. अब्बांना ते पटायचं नाही. बहिणीचा हा प्रश्नच नव्हता, ती होस्टेलच्या खोलीत पढायची आणि जाण्या-येण्याचा वेळ वाचवायची.

जुम्म्याचं लेक्चर आडवं येतंच. नोट्स कोणाकडून घ्यायच्या ते गुरुवारीच ठरवून ठेवावं.

रमजानचा हिशेब मात्र या दोन्हींत बसत नाही. २०२५ मध्ये रोजे २ मार्चला सुरू झाले. दरवर्षी महिना दहा-अकरा दिवस मागे सरकतो, इतका की २०३० मध्ये रमजान दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर. म्हणजे मामेभावाचे कॉलेजातले रोजे थंडीतच, दिवस लहान. तरीही तरावीहनंतरची, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतरची, रात्र अभ्यासाला धरू नये, तिच्या २० रकातींनंतर (आवर्तनांनंतर) पुस्तक उशी होतं. सेहरी झालेली, पोटात पाणी, फज्र पढलेली, तिथून तास-दीड तास सगळ्यात अवघड विषय. असरनंतर डोकं चालत नाही, हात चालतो. जर्नल तेव्हा लिहावं.

मामेभावाला सांगितलंय, आल्यापासून पहाट. दिवाळीची सुट्टी संपली की काटे फिरवायचे, आणि होळीनंतर पुन्हा उलटे. त्याने विचारलं, "आणि सप्टेंबरात?" सप्टेंबरात मी स्वतःच कधी नीट बसलेलो नाही.