२० लिटरचा साधा सोलो मायक्रोवेव्ह: काही महिने रोजच्या स्वयंपाकात वापरल्यानंतर

आमच्याकडचा मायक्रोवेव्ह अगदी साधा आहे. ७०० वॅटचा, ग्रिल नाही, कन्व्हेक्शन (गरम हवा फिरवून भाजणं) नाही; यालाच सोलो म्हणतात. गेल्या पावसाळ्यापासून तो रोज चालतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. ज्या जिनसेच्या अंगात पाणी आहे, किंवा जी वाटीभरच भाजायची आहे, ती डोळे मिटून मायक्रोवेव्हला द्यावी. डाळ, भात, चपाती गॅसवरच बरी.

सगळ्यात खूश आहे मी बटाट्यावर. मध्यम आकाराचे चार बटाटे धुवायचे, काट्याने सगळीकडून टोचायचे आणि पूर्ण पॉवरवर सात-आठ मिनिटं ठेवायचे, मध्ये एकदा उलटून. टोचायला विसरू नका, आत वाफ कोंडली तर बटाटा फुटतो. काढल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवले की मधला कच्चेपणाही जातो. कुकरमधला बटाटा पाणी धरतो आणि वड्याचं सारण सैल होतं. हा कोरडा, पिठूळ निघतो. बटाटेवडे, आलू पराठे, साबुदाणा वडे, कशालाही घ्या. मात्र दहा माणसांचे वडे असतील तर कुकरच लावा. मायक्रोवेव्हमध्ये जिन्नस दुप्पट केला की वेळही जवळजवळ दुप्पट होतो.

रताळ्याची गोष्ट वेगळी आहे. भरभर शिजवलं तर ते मऊ होतं पण गोड लागत नाही. रताळं हळूहळू तापतं तेव्हा त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते, आणि पूर्ण पॉवरवर तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून मी ते ओल्या सुती फडक्यात गुंडाळून निम्म्या पॉवरवर, जास्त वेळ ठेवते. फडकं कोरडं पडू द्यायचं नाही, मध्ये पाण्याचा हबका मारायचा. पॉवर कमी केली की यंत्र मधूनमधून थांबतं, घूंऽऽ आवाज बंद होतो आणि परत सुरू होतो. ते बिघडलेलं नसतं. साध्या मॉडेलमध्ये पॉवर कमी करायची पद्धतच ती आहे. एकादशीला एवढा फरक करून बघा, चवीत लगेच कळेल.

दाण्याच्या कुटासाठी कढईसमोर उभं राहणं आमच्याकडे बंद झालं. काचेच्या पसरट भांड्यात वाटीभर शेंगदाणे एका थरात पसरते आणि दर मिनिटाला काढून हलवते. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास वास सुटतो, चौथ्याला सालं तडकायला लागतात, तिथेच थांबायचं. त्या वेळी दाणा दाताखाली मऊच लागतो; कुरकुरीत होतो तो गार झाल्यावर. मऊ आहे म्हणून आणखी मिनिटभर ठेवला तर वरून गुलाबी दिसणारा दाणा फोडल्यावर मधोमध काळा निघतो, कारण कढईत भाजणं बाहेरून आत जातं आणि इथे आतलाच भाग जास्त तापतो. उपम्याचा रवाही असाच, दर मिनिटाला हलवत. शिऱ्याचा रवा मात्र मी तुपावर कढईतच भाजते. तो खमंगपणा इथे येत नाही.

उडदाचा पापड ४०-५० सेकंदांत, तेलाशिवाय. मध्ये एखादा कच्चा ठिपका राहिला तर पापड थोडा सरकवून परत दहा सेकंद. कणीस सालासकट तीन-चार मिनिटं. मग फडक्यात धरून बुडखा कापायचा आणि शेंड्याकडून दाबायचं, कणीस केसांशिवाय बाहेर घसरतं. पालक निथळल्यावर पानांवर राहतं तेवढ्याच पाण्यात दोन मिनिटांत आळतो आणि हिरवागार राहतो.

वांग्याच्या भरताबद्दल स्पष्ट सांगते. सुरीने टोचून, तेलाचा हात लावून ठेवलेलं वांगं सहा-सात मिनिटांत लोण्यासारखं होतं, पण त्याला धुराचा वास नाही. खानदेशात काड्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं भरीत ज्याने खाल्लंय त्याला हे चालणार नाही. मी आधी वांगं गॅसच्या आचेवर साल काळी होईपर्यंत फिरवते आणि मग आत ठेवते. वासही येतो आणि देठाजवळ कच्चं राहत नाही.

आता जे जमत नाही ते. तुरीची डाळ फेसाळून उतू जाते आणि काचेची थाळी धुवावी लागते. भाताला कुकरएवढाच वेळ लागतो, त्यामुळे एकट्यापुरता असेल तरच. शिळी चपाती ओलसर फडक्यात दहा-पंधरा सेकंद ठेवून लगेच खाल्ली तर मऊ, ताटात पाच मिनिटं राहिली की चिवट. कवचासकट अंडं कधीही ठेवू नका, फुटतं, आणि कधी बाहेर काढल्यावर हातात फुटतं. नुसतं पाणी खूप तापवलं तर ते शांत दिसतं आणि चहाची पूड पडताच उसळून अंगावर येतं. आधी कपात लाकडी चमचा ठेवा. घरात लहान मुलं असतील तर हे दोन्ही त्यांना आवर्जून सांगा.

विजेची काळजी करणाऱ्यांसाठी: ७०० वॅट ही अन्नाला मिळणारी शक्ती, यंत्र त्यापेक्षा जास्त, साधारण ११०० ते १२०० वॅट ओढतं. म्हणजे दहा मिनिटांना सुमारे ०.२ युनिट. ओट्यावर मोठ्या पिनचा सॉकेट हवा, एक्सटेन्शन बोर्डवर लावू नका. भांडी बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेची घ्या. मेलामाइनच्या प्लेट आणि सोनेरी काठाचे कप आत जाऊ देऊ नका. केक आणि नानकटाई करायची नसेल तर कन्व्हेक्शनसाठी जास्त पैसे घालायची गरज नाही, वर लिहिलेलं सगळं सोलोमध्येच होतं.