ऑनलाइन काडतुसं: वयाची खूण की ओळखपत्र?

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल-शॉटगनची काडतुसं घ्यायला १८ आणि पिस्तुलाची घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. ऑनलाइन विक्रीत हे तपासायचं कसं, यासाठी मुख्यतः दोन रस्ते आहेत.

पहिला, चौकटीत खूण. 'माझं वय पूर्ण आहे' यावर क्लिक केलं की पैसे भरायचे. खोटं बोलणाऱ्याला इथे काहीच अडत नाही आणि प्रीपेड गिफ्ट कार्ड वापरलं तर बँकेकडची ओळखही मागे राहत नाही. २०१८ मध्ये टेक्सासच्या सांता फे हायस्कूलमध्ये दहा जणांचा जीव घेणारा हल्लेखोर १७ वर्षांचा होता. त्याला ऑनलाइन काडतुसं विकताना वयाचा पुरावाच मागितला नाही, म्हणून कुटुंबांनी विक्रेत्यावर दावा लावला.

दुसरा, ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो, सोबत सेल्फी. नाव आणि जन्मतारीख ऑर्डरशी जुळवायची. फोटोत चकाकी आली किंवा कोपरा कापला गेला की ऑर्डर अडकते, गिऱ्हाईक वैतागतं. तरी आमचं मत ठामपणे याच बाजूने आहे.

मात्र मुलाने वडिलांचं लायसन्स वापरलं तर नुसता फोटो फसतो. म्हणून सेल्फी हवीच, शिवाय डिलिव्हरीला प्रौढाची सही. पण यूपीएस आणि फेडएक्स या कुरिअर कंपन्या त्या सहीसाठी २१ वर्षं मागतात, त्यामुळे रायफलची काडतुसं कायदेशीरपणे घेणारा १९ वर्षांचा तरुण दारातच अडतो. उलट घरातल्या दुसऱ्या कुणा प्रौढाने सही केली, तर खरेदीदार कोण हे कळतच नाही.

.२२ लाँग रायफल नावाचं काडतूस रायफल आणि पिस्तूल दोन्हींत चालतं. तिथे १८ ते २० वयाच्या गिऱ्हाइकाकडून 'रायफलसाठीच' हे लेखी घ्यावं.