‘ऑस्ट्रेलियन’ प्रवाळाच्या बुडाला जांभा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी रीफ टँक (जिवंत प्रवाळाची खाऱ्या पाण्याची टाकी) ठेवणारे आता दिसायला लागलेत, आणि त्यांना हेरणारे विक्रेतेही. मला ज्याने टोपी घातली, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. निळ्या अ‍ॅक्टिनिक दिव्याखाली हिरवंगार चमकणारं प्रवाळ. “एकॅन आहे दादा, ऑस्ट्रेलियाचं. सायटिसचे पेपर आहेत.” एकॅन ही प्रवाळाची एक महागडी जात, आणि सायटिस म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. अठरा हजारांपासून घासाघीस होऊन पंधरावर आला. पैसे आधी.

माल आला, पण फुगेना. विचारलं तर म्हणे, “प्रवासात दमलंय, आठवडाभरात फुलेल.” उत्तर बेरकी आहे, कारण खरं एकॅनही नव्या टाकीत सुरुवातीला मिटून बसू शकतं.

पांढरा दिवा लावला तर हिरवा रंग गेला, तपकिरी राहिला. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. बघायचे ते कप्पे, म्हणजे प्रवाळातला एकेक जीव बसतो त्या खळग्या. एकॅन म्हणजे मायक्रोमुसा लॉर्डहोवेन्सिस (2016 पर्यंत ते अकँथास्ट्रियात धरत). त्याचा कप्पा साधारण सेंटिमीटरभर किंवा मोठा, वर जाड गुबगुबीत मांस. माझ्याकडच्याचे कप्पे त्याच्या निम्मे, मांस पापुद्र्याएवढं, भिंतींच्या कडा दिवसाउजेडी उघड्या. शेजारच्या कप्प्यांची भिंत सामाईक आहे म्हणून एकॅनच, असं कोणी पटवेल. पण सामाईक भिंत बऱ्याच प्रवाळांत असते. भिंगातून मध्याभोवती बारीक उभ्या टोकांचं कडं ठळक दिसलं. ही खूण गोनिअ‍ॅस्ट्रिया या दुसऱ्या दगडी प्रवाळाची. ते आपल्या मालवणच्या समुद्रातही आहे. जात कोणती, ते सांगाडा नीट तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

मग पातं घालून सिरॅमिकचा प्लग, म्हणजे प्रवाळ चिकटवलेली बुडाची चकती, सोडवला. गोंदाच्या थराखाली जांभा, एका बाजूला छिन्नीचा ताजा घाव, आणि त्याला कालवाची अर्धी शिंपी चिकटलेली. ऑस्ट्रेलियाहून येताना आमच्या घराच्या भिंतीचाच दगड घेऊन आलं म्हणायचं!

‘पेपर’ म्हणजे सायटिसच्या निर्यात परवान्याची झेरॉक्स, तीही दीड वर्षापूर्वीची. हा परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो. आणि प्रकरण पैशांवर थांबत नाही. आपल्याकडची सगळी दगडी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि वर दंड. विकणारा नंबर बदलून मोकळा होतो, प्रवाळ मात्र आपल्या टाकीत राहतं. मी फोटो, चॅट, पैसे पाठवल्याची नोंद आणि प्रवाळ, सगळं वनखात्याच्या हवाली केलं आणि लेखी पोच घेतली.

घेण्याआधी दोन फोटो मागाच: एक पांढऱ्या उजेडातला, एक प्लगच्या बुडाचा. माझ्या विक्रेत्याचा नंबर आता बंद आहे. पण कुडाळच्या एका ओळखीच्याला परवा नव्या नंबरावरून तोच हिरवा फोटो आला. भाव आता बावीस हजार.