प्रोपेन स्मोकरमध्ये घरी केलेले बदल: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

टेक्सासमध्ये राहायचं आणि ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस, मंद धुरावर शिजवलेलं) घरी करायचं नाही, हे मला पटत नव्हतं. पण लाकडाच्या आगीशेजारी दिवसभर बसायला सवड नाही. म्हणून डॅलसजवळच्या आमच्या घराच्या परसात उभ्या कपाटासारखा प्रोपेन गॅसचा स्मोकर, म्हणजे मांस धुरावर शिजवायची पेटी, आणला. तळाला बर्नर, त्यावर लाकडाच्या ढलप्यांचा डबा, मग पाण्याचं भांडं, वर जाळ्या. स्वस्त आणि सुटसुटीत. पण जसा येतो तसा वापरला तर मांसाला धूर कमी लागतो आणि ते भाजतंच जास्त.

सगळ्यात मोठा फरक पडला तो नीडल व्हॉल्व्हने, म्हणजे गॅस अगदी थोडा थोडा कमी-जास्त करता येणाऱ्या तोटीने. ब्रिस्केटला २२५ ते २५० फॅरनहाइट हवं. भर उन्हाळ्यात बर्नर अगदी बारीक केला तरी आतलं तापमान त्याच्या वरच राहायचं. रेग्युलेटर तसाच ठेवून त्याच्या पुढच्या नळीत, गॅससाठीच बनवलेला पितळी नीडल व्हॉल्व्ह बसवला. आता ज्योत हवी तेवढीच ठेवता येते आणि तापमान तासन्‌तास हलत नाही. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं, सिलिंडर बदलल्यावरसुद्धा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ज्योत वाऱ्याने विझेल इतकी बारीक करू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थंडीत इथे उत्तरेचा वारा सुटला की मी थोडं अंतर ठेवून पत्र्याचा आडोसा लावतो आणि ज्योतीवर लक्ष ठेवतो. विझलीच तर गॅस बंद, दार सताड उघडं, आतला गॅस पूर्ण निघून गेल्यावरच पुन्हा काडी. आणि स्मोकर कायम उघड्यावर, गॅरेजमध्ये कधीच नाही.

दुसरा बदल लाकडाचा. मूळ डबा पातळ पत्र्याचा, त्यात ढलप्या भडकून जळायच्या आणि पांढरा, कडवट धूर व्हायचा. त्या जागी बिडाचा खोलगट तवा ठेवला, वर सैल झाकण. त्यात ढलप्यांऐवजी मुठीएवढे ठोकळे घालतो. ते धुमसत राहतात आणि विरळ, निळसर धूर येतो. पोर्कला हिकरी, ब्रिस्केटला ओक, कोंबडीला पेकन. लाकूड भिजवायची गरज नाही, आधी नुसती वाफच निघते.

दाराला काचतंतूची दोरी लावली. धूर गळायचा थांबला, चवीत मात्र फारसा फरक नाही. खालची हवेची भोकं आणि वरचा झरोका कधीच बुजवू नयेत. हवा अडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, शिवाय मांसावर काजळी बसते.

दारावरच्या तापमापकावर माझा विश्वास नाही. जाळीच्या पातळीला प्रोब (तापमान मोजायची सळई) लावा, आधी उकळत्या पाण्यात २१२ दाखवतो का ते तपासून. ब्रिस्केटचं आतलं तापमान १५० ते १७० च्या मध्ये कुठेतरी अडून बसतं, कारण पृष्ठभागावरचा ओलावा उडताना मांसाला थंड करतो. तेव्हा गॅस वाढवायचा नाही. २०० च्या आसपास सळई लोण्यात जावी तशी आत गेली की काढायचं.

लाकडाच्या आगीवर मांसाला बाहेरून येते तशी जाड, काळपट साल यावर येत नाही. तरीही या किमतीत मी समाधानी आहे. मालवणी मसाला चोळलेली कोंबडी करताना मात्र पाण्याचं भांडं कोरडं ठेवतो, नाहीतर कातडी रबरासारखी होते. आत १६५ झालं की पानात.