एकच रंगसंगती की प्रदेशागणिक वेगळी? अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

फोनवर चढत्या आलेखाची इमोजी शोधून पाहा. बहुतेक फोनांवर ती चढती रेघ लाल असते आणि उतरती निळी. मुंबईच्या शेअर बाजाराचे आकडे पाहत आलेल्या डोळ्यांना हे उलटं वाटतं, कारण आपल्याकडे भाव चढला की हिरवा आणि पडला की लाल. पण इमोजींचा जन्म जपानमधला, आणि तिथे भाव चढला की आकडा लाल होतो.

अ‍ॅप बनवणाऱ्या छोट्या टीमपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. आपलं अ‍ॅप दुसऱ्या राज्यात किंवा देशात न्यायचं, तर रंग आहेत तेच ठेवायचे की तिथल्या रीतीप्रमाणे बदलायचे? माझं मत आधीच सांगते. रंगाचा अर्थ देशाला जितका चिकटलेला असतो, त्याहून जास्त तो कामाला चिकटलेला असतो. म्हणून दोन्ही मार्गांची तुलना देशवार न करता पडद्यावर चाललेल्या कामानुसार करू.

बाजारभाव

प्रदेशागणिक रंगांची सगळ्यात भक्कम बाजू इथे आहे. चीनची मुख्य भूमी, तैवान, जपान आणि दक्षिण कोरिया इथे चढ लाल. घसरण चीन-तैवानात हिरवी, कोरियात निळी, जपानात कुठे हिरवी तर कुठे निळी. भारत, अमेरिका आणि युरोपात चढ हिरवा. हाँगकाँगमध्येही चढ हिरवाच, आणि हद्दीला लागून असलेल्या शेनझेनच्या बाजारात रंग बरोबर उलटे.

एकच रंगसंगती ठेवली तर काम स्वस्तात होतं. चाचणी एकदाच करायची, मदतीच्या पानांवरचे स्क्रीनशॉट सगळीकडे तेच चालतात. पण तैवानची राजधानी तैपेई इथल्या माणसाला तोट्याचा आकडा पहिल्या नजरेत नफ्यासारखा दिसेल. लोक विकत घेण्या-विकण्याचा निर्णय त्याच पहिल्या नजरेत घेतात. हा धोका पत्करू नये.

रंग बदलायचे ठरलं तर पुढची अडचण: 'प्रदेश' ओळखायचा कशावरून? भाषेवरून ठरवावं तर हाँगकाँग आणि तैवान दोन्हीकडे पारंपरिक चिनी लिपी आणि रंग उलटे. फोनच्या सेटिंगमधल्या देशावरून ठरवावं तर टोकियोत नोकरी करणारा, फोन मराठीत वापरणारा आणि गुंतवणूक मुंबईच्या बाजारात ठेवणारा माणूस अडकला. शेअर ज्या बाजारातला त्यावरून ठरवावं, तर न्यूयॉर्क आणि तैपेई दोन्हीकडे पैसे असलेल्याच्या एकाच यादीत दोन रीती मिसळतील, आणि ते तर सगळ्यात वाईट. त्यामुळे इथे माझी शिफारस तिसरीच आहे. देशावरून अंदाज बांधून सुरुवात करा आणि सेटिंगमध्ये 'चढ लाल' किंवा 'चढ हिरवा' निवडू द्या. पूर्व आशियातल्या अनेक ब्रोकर अ‍ॅपांत ही सोय आहे.

याला एक तांत्रिक अट आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून पाळावी लागते. कोडमध्ये रंगांना नावं अर्थावरून द्या: 'चढ', 'उतार', 'चूक', 'यशस्वी'. जागोजागी नुसतं 'लाल' आणि 'हिरवा' लिहिलं असेल, तर तैवानसाठी अदलाबदल करताच चुकलेल्या पासवर्डची सूचनाही हिरव्या रंगात येईल. तैवानात आणि चीनमध्येही चुकीची सूचना लालच असते, फोन उचलायचं बटण हिरवंच असतं, रस्त्यावरचा सिग्नल आपल्यासारखाच असतो. जपानी आणि चिनी दोन्ही भाषांत तुटीसाठी जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थच 'लाल अक्षरं' असा होतो. बाजाराच्या पडद्यावर लाल म्हणजे कमाई आणि ताळेबंदात लाल म्हणजे तूट, हे एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतं. देशागणिक रंगांचे तक्ते पाठ करून काम करणारा डिझायनर मात्र इथे हमखास घसरतो.

हिशेबाची वही

हे उदाहरण आपल्या घरचं आहे. लक्ष्मीपूजनाला दुकानदार जी वही पुजतो ती लाल कापडी बांधणीची असते, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं असतं. त्याच वहीच्या आतल्या पानावर लाल शाईने लिहिलेला आकडा दिसला, तर तो काही शुभ मानत नाही.

आता उधारीचं अ‍ॅप घ्या. गिऱ्हाइकाला ५०० रुपयांचा माल उधार दिला. ही नोंद लाल दाखवायची की हिरवी? माल हातचा गेला म्हणून लाल, असा एक तर्क. ५०० रुपये येणं झालं म्हणून हिरवी, हा दुसरा. दोन्ही बरोबर आहेत. शिवाय तीच नोंद गिऱ्हाइकाच्या फोनवर पाहिली की अर्थ उलटतो. कोल्हापूरसाठी एक रंग आणि इंदूरसाठी दुसरा ठेवून यातलं काहीही सुटत नाही.

सुटतं ते शब्दाने. 'येणे', 'देणे', 'जमा', 'नावे' हे शब्द कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, दोन-तीन अक्षरांत बसतात आणि छोट्या पडद्यावर मावतात. तरी 'तुम्हाला मिळणार आहेत' असली लांबलचक वाक्यं बटणांवर कोंबलेली दिसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. हिशेबाच्या अ‍ॅपसाठी रंग सगळीकडे एकच आणि शांत ठेवा. वाचलेले पैसे त्या त्या भागातल्या दुकानदारांचे शब्द गोळा करण्यावर खर्च करा. गुजरातीत, कन्नडमध्ये त्यांचे स्वतःचे तितकेच नेमके शब्द आहेत.

बटणं आणि सूचना

इथे फार विचार करायची गरज नाही, एकच रंगसंगती पुरते. आपलं मतदान यंत्र पाहा. मतदार निळं बटण दाबतो, उमेदवाराच्या नावापुढचा लाल दिवा लागतो आणि बीप वाजतो. तो लाल दिवा 'मत नोंदलं गेलं' असं सांगतो, धोक्याचा त्यात लवलेश नाही. लिहिता-वाचता न येणारा मतदारही त्याला घाबरत नाही, कारण दिवा नेमका त्याने निवडलेल्या चिन्हाशेजारी लागतो आणि सोबत आवाज येतो. जागा आणि आवाज यांनी अर्थ पक्का केला की रंगावरचा भार हलका होतो.

पत्रिका, चित्रं आणि झेंडे

'आशियात पांढरा म्हणजे मृत्यू' असं छापलेली रंगचक्रं डिझाइनच्या वर्गांत फिरत असतात. भारतात आणि चीनमध्ये बहुतेक अ‍ॅपांची पार्श्वभूमी पांढरीच असते आणि ती पाहून कुणाला सुतक आठवत नाही. पडद्यावरचा पांढरा रंग आपण कागद म्हणून वाचतो. त्या चक्रांवर विसंबून पार्श्वभूमी बदलू नका.

मात्र चित्रात माणूस आला की तोच पांढरा बोलायला लागतो. बचत गटाच्या अ‍ॅपमध्ये पांढऱ्या साडीतली, कपाळ आणि हात मोकळे असलेली बाई काढली, तर गावाकडच्या पुष्कळ बायका तिला विधवा म्हणून वाचतील. काढणाऱ्याच्या मनात फक्त नेटकेपणा असेल. हिरव्या बांगड्या, हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल यांना मराठी डोळ्यात जो अर्थ आहे तो केरळात तसाच नाही. तिथे सणासुदीची साडी सोनेरी काठाची, मोतिया रंगाची असते. म्हणजे चित्रं प्रदेशागणिक वेगळीच हवीत, यात तडजोड नको. चीनसाठी चित्रं काढणाऱ्याने पुरुषाच्या डोक्यावर हिरवी टोपी घालू नये. बायकोने फसवलेल्या नवऱ्यासाठी तिथे तोच वाक्प्रचार आहे.

लग्नपत्रिकेच्या अ‍ॅपमध्ये डार्क मोड हा मोठा खड्डा आहे. लाल-पिवळी पत्रिका बनवून पाठवली, समोरच्याच्या फोनने पार्श्वभूमी आपोआप काळी केली, आणि शुभकार्याचं आमंत्रण काळ्या पाटीवर उघडलं. संक्रांतीला आपण हौसेने काळी चंद्रकळा नेसतो, मंगळसूत्रात काळे मणी ओवतो, पण काळी पत्रिका आजीच्या हातात देववत नाही. म्हणून पत्रिका, शुभेच्छापत्रं आणि शोकसंदेश डार्क मोडमधून वगळा.

झेंड्यांचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या अ‍ॅपसाठी रंग निवडताना महाराष्ट्रात भगवा, निळा, हिरवा, पिवळा यांपैकी प्रत्येकाच्या मागे कुणाचा तरी झेंडा उभा असतो. निळा म्हटलं की आंबेडकरी चळवळ आठवते. थायलंडमध्ये लाल आणि पिवळे शर्ट हे परस्परविरोधी राजकीय गट होते. सगळ्यांचं असायला हवं ते अ‍ॅप एका गटाचं दिसू नये, यासाठी त्या भागात ज्या रंगाचा झेंडा लागत नाही तोच घ्या. हा निर्णय कार्यालयात बसून होत नाही.

नकाशा

विंडोज ९५ मधल्या भारताच्या नकाशात सुमारे ८ लाख पिक्सेल रंगवताना आठ पिक्सेल वेगळ्या हिरव्या छटेत गेले. त्यामुळे काश्मीर भारताबाहेरचं दिसलं, भारतात विक्रीवर बंदी आली आणि २ लाख प्रती परत घ्याव्या लागल्या, असं मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने नंतर सांगितलं. आज गूगल मॅप्सवर काश्मीरची सीमा भारतात सलग रेषेने आणि बाहेर तुटक रेषेने दिसते. अ‍ॅपमध्ये नकाशा असेल तर प्रदेशागणिक बदल तुमच्या आवडीवर राहत नाही, कायदा तो करायला लावतो.

दोन्ही मार्गांना लागणारी अट

उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. बायकांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. आपल्याकडेही असे लोक आहेतच. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पूर्वी शाकाहारासाठी हिरवा गोल आणि मांसाहारासाठी तपकिरी गोल असायचा. अशा डोळ्यांना हे दोन गोल सारखेच दिसायचे, आणि शाकाहारी माणसासाठी ही किती गंभीर गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको. २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या चिन्हात गोलाऐवजी त्रिकोण आणला. रंग तोच राहिला, आकाराने काम केलं. तुमच्या चढ-उतारापुढे बाण किंवा अधिक-उणे चिन्ह असेल तर रंग उलटे पडले तरी माणूस सावरतो.

रंग अजिबात नसण्याचेही दिवस असतात. ४ एप्रिल २०२० रोजी कोविडमध्ये गेलेल्यांसाठी चीनने राष्ट्रीय दुखवटा पाळला, तेव्हा तिथली अनेक संकेतस्थळं आणि अ‍ॅपं दिवसभर करडी होती. अँड्रॉइड फोनही झोपेच्या वेळी पडदा करडा करू शकतात.

दुसरी गोष्ट अक्षरांची. वेबच्या सुलभतेचे प्रमाण नियम साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ इतका उठाव, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागतात. तिरंग्यातल्या केशरीच्या जवळच्या छटेवर पांढरी अक्षरं ठेवली तर तो जेमतेम २.१:१ भरतो, काळी ठेवली तर सुमारे ९.९:१. भडक शुद्ध लालवर पांढरी अक्षरं ४:१ वरच अडकतात, लाल थोडा गडद केला की नियमात बसतात. देवनागरीला हे जास्त लागतं. उन्हात उभं राहून वाचणाऱ्याला 'चिता' आणि 'चिंता' यातला अनुस्वार दिसला नाही, तर शब्दच बदलतो.

मग निवडायचं काय

खर्चाचा हिशेब आधी मांडा. चढ-उताराच्या दोन रीती, उजेडाचा आणि अंधाराचा असे दोन पडदे, साधा आणि जास्त उठावाचा असे दोन प्रकार: एकेक पडदा आठ वेळा तपासावा लागेल. तीन जणांच्या टीमला हे सगळीकडे झेपणार नाही.

हिशेब, नोंदणी, तिकीट, शाळा, दवाखाना अशा कामाचं अ‍ॅप असेल तर मी निःसंकोच एकच रंगसंगती घेईन आणि शब्द-चित्रं स्थानिक करीन. गुंतवणुकीचं अ‍ॅप पूर्व आशियात जाणार असेल तर फक्त 'चढ' आणि 'उतार' हे दोन रंग बदलते ठेवीन, बाकी कशालाही हात लावणार नाही. लग्न, सण, शोक किंवा गावकारभार हा अ‍ॅपचा गाभा असेल तर प्रदेशागणिक रंग हवेतच, आणि त्यासाठी पैसे नसतील तर एकाच प्रदेशापुरतं अ‍ॅप काढणं जास्त प्रामाणिक.

कुठलाही मार्ग घ्या, अ‍ॅप बाहेर काढण्याआधी फोन करड्या पडद्यावर टाका आणि ज्या गावासाठी ते बनवलं तिथल्या दोन माणसांच्या हातात द्या. एक दुकानदार आणि एक वयस्कर बाई, असं मी शक्यतो बघते. 'हा रंग आवडला का?' हे विचारू नका. एखाद्या आकड्यावर बोट ठेवून 'हे पैसे कुणाकडून कुणाला जायचे आहेत?' एवढंच विचारा, आणि त्यांचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.