मोड आणण्याची काचेची बरणी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कडधान्यांना मोड आणण्यासाठी गेले काही महिने मी रुंद तोंडाची काचेची बरणी वापरत आहे. तिला स्टीलच्या जाळीचे फिरकीचे झाकण आहे आणि ती कलती उपडी ठेवण्यासाठी तारेचा स्टँडही आहे. त्यापूर्वी माझ्याकडे एकावर एक कप्पे बसणारा प्लास्टिकचा डबा होता. मोड दोन्हींत येतात. खरा फरक पाणी निथळण्यात पडतो, आणि मोड चांगले येणे बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

मोड फुटणाऱ्या दाण्याला ओल हवी तशीच हवाही हवी. डब्याच्या कप्प्यांची छिद्रे बारीक असल्यामुळे पाण्याचा पातळ थर त्यांत अडकून राहतो, तळाचे दाणे त्यात बसून बुळबुळीत होतात आणि वरचे मोड चांगले दिसत असतानाच खालून आंबूस वास येऊ लागतो. बरणी साधारण ४५ अंशांत कलती ठेवली, की पाणी पूर्ण उतरते आणि जाळीतून हवा खेळती राहते. मूग ८ ते १२ तास भिजवावेत, नंतर दिवसातून दोन-तीनदा गार पाण्याने धुऊन निथळत ठेवावेत. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन दिवसांत आखूड, कुरकुरीत मोड तयार होतात. कोरडे दाणे बरणीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त घालू नयेत, कारण फुगल्यावर ते दाटतात आणि मधल्या दाण्यांपर्यंत हवा पोहोचत नाही. भिजूनही कडक राहिलेले गणंग भिजवणीचे पाणी काढतानाच वेचून काढावेत, कारण ते शिजवल्यावरही दाताखाली येतात.

लांब, जाड, पांढऱ्या मोडांसाठी मात्र ही बरणी उपयोगाची नाही. तसे मोड अंधारात आणि वरून वजन ठेवून वाढवावे लागतात; दाबामुळे दाण्यांतून इथिलीन वायू अधिक सुटतो आणि देठ नुसता उंच न होता जाडही होतो. बरणीत ते बारीक आणि एकमेकांत गुंतलेले निघतात, आणि उजेड लागला तर हिरवट व किंचित कडू होतात. दुसरी उणीव जाळीची: मुगाची साले तिच्यात अडकतात, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर ती ब्रशने घासून पूर्ण वाळवावी लागते.

स्वच्छतेबद्दल मी आग्रहाने सांगेन. मोडांना लागणारी ऊब आणि ओल साल्मोनेला, ई. कोलाय यांसारख्या जंतूंनाही मानवते, आणि ते बियांच्या सालीच्या फटींत असल्यास नुसत्या धुण्याने जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांशी जोडल्या गेलेल्या ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. म्हणून मी मोड कच्चे वाढत नाही. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर ते कच्चे खाऊच नयेत. तयार मोड निथळून लगेच फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.

शिजवण्याच्या पद्धतीनेही बराच फरक पडतो. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व अगदी थोडे असते, ते मोड येताना वाढते; पण ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे मोड उकळून पाणी ओतून दिले तर त्याबरोबर बरेचसे निघून जाते. त्यामुळे आखूड मोड मी वाफवते किंवा अंगच्या पाण्यावर झाकून शिजवते, आणि दाणा आतपर्यंत वाफाळला पण अजून अख्खा आहे, एवढ्यावर गॅस बंद करते. मीठ शेवटी घालते, म्हणजे मोडांना आधीच पाणी सुटून ते लिबलिबीत होत नाहीत.

राजमा मात्र या बरणीत मी घालतच नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन बरेच असते, मोड आणून त्याची खात्रीने वासलात लागत नाही, आणि तो मऊ होईपर्यंत खळखळ उकळावाच लागत असल्याने मोडांचा कुरकुरीतपणाही उरत नाही.