रेडवुड नॅशनल पार्क, कॅलिफोर्निया: सगळ्यात उंच झाड शोधत बसू नका

कॅलिफोर्नियाला जाणारे बहुतेक लोक योसेमिटी करतात, सॅन फ्रान्सिस्को करतात आणि वेळ उरला तर तिथून जवळ पडतं म्हणून म्युअर वूड्स हे जंगल बघून रेडवुडची, म्हणजे जगातली सगळ्यात उंच, झाडं बघून झाली म्हणतात. म्युअर वूड्स सुंदरच आहे, पण या झाडांचं पसरलेलं जंगल बघायचं असेल ना तर हायवे 101 धरून पार उत्तरेला, ओरेगॉनच्या सीमेच्या जवळ जायला लागतं. सॅन फ्रान्सिस्कोहून पाच-सहा तास गाडी चालवायची तयारी हवी, आणि माझ्या मते ते पाच-सहा तास पूर्ण वसूल होतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, इथे एक मोठं गेट, तिकीट काढलं आणि आत गेलो असा प्रकार नाही. एक नॅशनल पार्क आणि प्रेरी क्रीक, डेल नॉर्ट कोस्ट, जेडेडाया स्मिथ ही तीन स्टेट पार्क अशी मिळून ही जागा आहे, 1994 पासून कारभार एकत्र चालतो, आणि ओरिक ते क्रेसेंट सिटी असा सगळा पट्टा हायवेच्या दोन्ही बाजूंना तुकड्यातुकड्यांनी पसरलाय. नॅशनल पार्कला एन्ट्री फी नाही. पण एकच गेट नसल्याने कुठे वळायचं हे माहीत नसलेले लोक हायवेवरून सरळ निघून जातात, दोन्ही बाजूंची बारीक, एका वयाची झाडं बघतात आणि म्हणतात एवढंच का. ती झाडं म्हणजे तोडीनंतर परत वाढलेलं जंगल आहे. जुन्या रेडवुड जंगलातलं आज जेमतेम 5 टक्के उरलंय. पार्क झालं 1968 साली, तोवर बरंचसं कापून झालेलं होतं, त्यानंतरही वरच्या अंगाला तोड चालूच राहिली आणि तिथला गाळ रेडवुड क्रीकमधून खाली यायला लागला, म्हणून 1978 मध्ये हद्द वाढवायला लागली. हे माहीत असलं की जुन्या भागात शिरताना आपण काय बघतोय ते नीट कळतं.

तर वळायचं कुठे? न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे, साधारण 10 मैलांचा रस्ता, हायवेला समांतर जातो, तो अजिबात सोडू नका. वाटेत बिग ट्री आहे, गाडीतून उतरून दोन पावलांवर. जवळच्या कुरणात रूझवेल्ट एल्क जातीची हरणं चरत असतात, अंगाने प्रचंड, लोक फोटोसाठी अगदी जवळ जातात ते फार धोक्याचं आहे, विशेषतः शरद ऋतूत नर माजावर असतात तेव्हा.

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी जेडेडाया स्मिथ. हाउलंड हिल रोड हा कच्चा, अरुंद रस्ता झाडांच्या मधून अक्षरशः वाट काढत जातो, काही ठिकाणी खोड गाडीच्या आरशाला लागेल की काय असं वाटतं, समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे घ्यायचीच (मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, किंवा ट्रेलर घेऊन इथे येऊ नका). त्या रस्त्यावरच स्टाउट ग्रोव्ह लागतं. चक्कर अगदी छोटी, अर्ध्या मैलाच्या आसपास, पण आम्ही तिथून हललोच नाही बराच वेळ. स्मिथ नदीला पूर आला की पाणी या सपाटीवर चढतं आणि गाळ टाकून जातं, त्यामुळे खालची लहान झाडंझुडपं टिकत नाहीत, जमिनीवर फक्त नेचे आणि मधे सरळ वर गेलेले बुंधे, म्हणून इथे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत नजरेत मावतं, बाकी ठिकाणी दाटीमुळे ते जमत नाही. दुपार कलल्यावर जा, तिरपं ऊन आत येतं. आणि एवढ्या उंच झाडाची मुळं फक्त दोन-चार मीटर खोल असतात हे मला अजूनही पटत नाही, पण ती आडवी लांबवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली असतात. म्हणजे एकमेकांना धरूनच ही झाडं उभी आहेत.

म्हणूनच सांगते, हायपेरियनच्या मागे लागू नका. जगातलं सगळ्यात उंच झाड, जवळपास 116 मीटर, 2006 मध्ये सापडलं, तिथे कधीच पायवाट नव्हती तरी लोक झुडपं तुडवत गेले, मुळांजवळची माती घट्ट करून टाकली. 2022 पासून तो भाग बंद आहे, पकडलं तर 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय खाली उभं राहून शेंडा दिसतच नाही! त्यापेक्षा ग्रोव्ह ऑफ टायटन्सला जा, तिथे झाडांना धक्का लागू नये म्हणून जमिनीपासून उचललेला रस्ता बांधलाय.

फर्न कॅन्यन पण बघा, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती नेच्यांनी भरलेल्या, मधून ओढा, पाय भिजणार हे धरूनच चाला. 15 मे ते 15 सप्टेंबर आधी परमिट काढायला लागतं, आणि वाटेतल्या गोल्ड ब्लफ्स बीचच्या नाक्यावर गाडीमागे 12 डॉलर घेतात.

उन्हाळ्यात गेलात तरी जॅकेट हवंच. समुद्रावरून धुकं आत येतं, पाऊस नसतो त्या महिन्यांत झाडांचं बरंचसं पाणी त्या धुक्यातूनच येतं, त्यामुळे धुकं बघून वैतागू नका, जंगल तेव्हाच सगळ्यात छान दिसतं. मोबाईलला रेंज बऱ्याच ठिकाणी नाही, नकाशा आधीच डाउनलोड करा. पार्कात हॉटेल नाही, कॅम्पग्राउंड आणि थोड्या केबिन आहेत, त्या लवकर भरतात, नाहीतर क्रेसेंट सिटीला राहा.

अजून एक, डबा खाल्लात तर चिवड्याचा कणही खाली ठेवू नका. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी या जुन्या झाडांच्या उंच फांद्यांवर अंडी घालतो, आणि आपल्या सांडलेल्या खाण्यावर येणारे ‘जे’ नावाचे पक्षी आणि डोमकावळे तीच अंडी फस्त करतात. कॅम्पवर मुलं असतील तर जेवण झाल्यावर त्यांनाच टेबलाखालचं वेचायला लावा, आवडीने करतात.